काचकाकांच्या खोलीची खिडकी

काचकाकांनी चाळीस वर्षं लोकांच्या घरांना खिडक्या बसवल्या. मग स्वतःसाठी एक खोली बांधली, आणि तिला खिडकी ठेवायला विसरले.

त्यांना ओळखणाऱ्यांना हे आधी खरंच वाटलं नाही. काचकाका म्हणजे नाकासमोर चालणारा, मोजूनमापून जगणारा माणूस. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी कोण वाचतो? वय बासष्ट. उंची बेताची. दोन्ही तळव्यांवर जुन्या कापांच्या पांढऱ्या रेघा. काच कापायची हिरकणी हातात आली की ते श्वास रोखून धरत. काचेवर रेघ ओढायची ती एकदाच. मध्ये थांबायचं नाही, दुसऱ्यांदा गिरवायची नाही. मग दोन्ही बाजूंनी अंगठे ठेवायचे आणि काच हलकेच मोडायची. कट् असा एक आवाज. आतापर्यंत असे हजारो आवाज त्यांच्या कानांवरून गेले होते.

त्यांचं दुखणं वेगळंच होतं.

ते ज्यू. दिवसातून तीन वेळा प्रार्थना करायची हा लहानपणापासूनचा शिरस्ता. तो त्यांनी कधी मोडला नाही. शिडीवर असले तर खाली उतरत, हात धूत, पाय जुळवून उभे राहत. ओठ प्रार्थना म्हणत आणि मन समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजत बसे.

बायकोच्या आजारपणात हे फारच झालं. ती इस्पितळात होती. तिच्या खाटेशेजारी उभं राहून त्यांनी अख्खी प्रार्थना म्हटली. संपल्यावर तिनं विचारलं, "माझ्यासाठी काय मागितलंत?"

त्यांना आठवेना. एक शब्दही आठवेना.

ती हसली. "समोरच्या खिडकीच्या काचेभोवतीचा लांबीचा लगदा सुकून भेगाळलाय. तेच बघत होतात ना? मीही तेच बघतेय चार दिवस. सवय लावलीत तुम्ही."

ती गेली त्याला आता तीन वर्षं झाली होती. काचकाकांनी मनाशी एक हिशेब पक्का केला. आयुष्यात एक तरी प्रार्थना पुरी व्हावी. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मन जागेवर राहावं. एकच. जास्त मागणं नाही.

त्यासाठी एकांत हवा होता.

"सहा आठवडे," त्यांनी लेकीला सांगितलं.

लेक बत्तीस वर्षांची. बारा वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलेली. ती टेबलावरचं ब्लँकेट झटकून काचेची कच काढत होती. "कसले सहा आठवडे?"

"एकांताचे."

"कुठे जाणार?"

"मागच्या खोलीत."

ती झटकायची थांबली. "मागच्या खोलीत एकांत? बाबा, तिथं माझा डबा असतो."

"डबा हलव."

"आणि इस्पितळाचं काम? लहान मुलांचा वॉर्ड आहे. चोवीस खिडक्या. अंगावर घेतलंय आपण."

"तुझ्या अंगावर आहे. तू समर्थ आहेस."

"हे मनापासून म्हणताय, की सुटका करून घ्यायला?"

काचकाकांनी खरं काय ते बघितलं. "दोन्ही," ते म्हणाले.

मग त्यांनी तिला जुन्या काळच्या भक्तांची गोष्ट सांगितली. ती त्यांच्या गुरुजींनी त्यांना लहानपणी सांगितली होती. ते भक्त प्रार्थनेआधी एक तास नुसते गप्प बसत. मग तासभर प्रार्थना. मग पुन्हा तासभर गप्प. असं दिवसातून तीनदा.

लेकीनं बोटांवर मोजलं. "म्हणजे दिवसाचे नऊ तास. आणि त्यांची कामं कोण करायचं? त्यांच्या लेकी?"

काचकाकांनी डबा स्वतःच हलवला.

मागची खोली म्हणजे काचा ठेवायची कोठी. तिला लाकडाच्या फटींतून थोडा उजेड येई. त्या फटी काकांनी बुजवल्या. भिंतींना गिलावा केला. एक खुर्ची, एक दिवा, पुस्तकांची एक फळी. दाराच्या खालच्या फटीला कापडाची गुंडाळी लावली. पंधरा दिवसांत खोली तयार झाली. दार लावलं की कापायच्या मशीनची घरघर विहिरीच्या तळातून आल्यासारखी वाटे. ते खुर्चीत बसले आणि त्यांना फार बरं वाटलं.

खोली बघायला प्रार्थनाघराचे राखणदार आले. साठी उलटलेले, बारीक, तोंडाळ. काचकाकांचे बालमित्र. ते आधीच फुरंगटलेले होते. समाजाची प्रार्थना व्हायला दहा जण लागतात, आणि खोलीच्या कामापायी काचकाका यायचे बंद झाल्यापासून संध्याकाळी नऊच भरत होते.

"वा!" ते दारातूनच म्हणाले. "हा देवाला भेटायला इथं येऊन बसला, आणि देवाच्या घरी नऊ जण एकमेकांची तोंडं बघत बसले."

"सकाळ-संध्याकाळ येईन," काचकाका म्हणाले. "फक्त दुपारची प्रार्थना इथं."

"कबूल?"

"कबूल."

"मग ठीक." राखणदारांनी आत पाऊल टाकलं. चारी भिंतींवरून नजर फिरवली. वर छताकडे बघितलं. पुन्हा भिंतींकडे बघितलं. मग कमरेवर हात ठेवून ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला. लेक पाणी घेऊन धावत आली.

"काय झालं?"

"तुझ्या बापाला विचार. चाळीस वर्षं काय धंदा केला म्हणून!" राखणदारांनी डोळे पुसले. "अरे काचवाल्या, खिडकी कुठाय?"

काचकाकांनी भिंतींकडे बघितलं. तोंडात मारल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"प्रार्थनेच्या खोलीला खिडकी लागते," राखणदार लेकीला म्हणाले. "नियमच आहे. पोरासोरांना ठाऊक असतो. जेरुसलेमच्या बाजूला असली तर उत्तमच. आणि ह्यानं तर आमच्या प्रार्थनाघराच्या बारा खिडक्या स्वतःच्या हातांनी बसवल्यात!"

"का लागते?" लेकीनं विचारलं.

"गुरू लोकांचं एकमत कधी असतं का? एक म्हणतात, आभाळ दिसावं म्हणून. आभाळ बघितलं की माणूस नमतो. दुसरे म्हणतात, बाहेर जग आहे याचा विसर पडू नये म्हणून. तू कोपऱ्यात बसून देवाशी बोलत असशील, पण रस्त्यावर माणसं चाललीयत. त्यांना सोडून बोलू नकोस."

"मला पहिलं पटतं," काचकाका घाईघाईनं म्हणाले.

"पटणारच. आभाळ काही कापायचं काम घेऊन येत नाही."

खिडकी पाडायची ठरली. पण कुठे? एका भिंतीपलीकडे शेजाऱ्याचं घर. दुसरीपलीकडे जिना. तिसरी भिंत बाहेरची, पण तिला टेकून पाण्याची टाकी. उरली चौथी. ती नेमकी जेरुसलेमच्या बाजूची होती, आणि तिच्यापलीकडे होता त्यांचाच काच कापायचा कारखाना. कारखान्याचं मोठं दार सताड उघडं असे. त्यातून रस्ता दिसे, आणि समोरच्या घराच्या वर हातभर आभाळ.

"म्हणजे मी दिसणार," लेक म्हणाली.

"तू नाही. आभाळ."

"आभाळाच्या खाली मी."

"दुधी काच लावू," काचकाका म्हणाले. "उजेड येईल, बाकी काही नको."

राखणदारांनी कपाळावर हात मारला. "दुधी काच म्हणजे खिडकी नव्हे, दिव्याचं झाकण ते. स्वच्छ काच लाव. प्रार्थनेत नजर खाली ठेवायची. मन भरकटलं की क्षणभर वर आभाळाकडे बघायचं आणि परत यायचं. एवढं जमत नसेल तर सहा आठवडे कशाला, साठ वर्षं बस."

लेकीनं इस्पितळासाठी आणलेल्या जाड काचेतून एक तावदान कापून दिलं. अडीच फूट बाय दोन. "आपल्या उरलेल्या मालातलं आहे," ती म्हणाली. "चांगलं आहे, जपा." काचकाकांनी ते चौकटीत बसवलं, कडेनं लांबी भरली, अंगठ्यानं सारखी केली. काम नेहमीसारखं देखणं झालं.

एकांत सुरू झाला.

पहिल्या दुपारी त्यांनी तीन पावलं मागे घेतली, तीन पुढे, पाय जुळवले. नजर खाली. या प्रार्थनेत एकामागून एक एकोणीस आशीर्वचनं असतात. पहिली तीन बरी गेली. चौथ्याला मन हललं. राखणदारांनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी वर बघितलं. आभाळ होतं. आभाळाच्या खाली लेक होती. ती काटकोन बघायचा गुण्या लावत होती, आणि गुण्या अर्धं बोट तिरका होता.

तो तिरका नव्हता. त्यांना कडेनं दिसत होतं म्हणून तसा वाटला. पण हे ठरवण्यात पुढची पंधरा आशीर्वचनं गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं हातमोजे घातले नव्हते. तिसऱ्या दिवशी काचा उभ्या ठेवायच्या घोडीला दोरी बांधलेली नव्हती, मग बांधली. चौथ्या दिवशी कोणी गिऱ्हाईक तिच्याशी तावातावानं बोलत होतं, आणि ती हसून उत्तर देत होती. काय बोलत होती ते ऐकू येईना. काचेवर कान लावावा असं त्यांना वाटलं. त्यांनी लावला नाही. पण वाटलं तर खरं.

कोणीतरी दार वाजवील, अशी त्यांची समजूत होती. बाबा, हे कसं करू? बाबा, ते कुठं ठेवलंय? अशा हाका येतील, आणि आपण त्या निश्चयानं ऐकून सोडून देऊ. एक आठवडा गेला. दुसरा गेला. एकही हाक आली नाही. चोवीसपैकी सोळा खिडक्या जाऊन बसल्याही. लेक शीळ घालत काम करत होती, हे त्यांना ओठांवरून कळे. ती शीळ घालते हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

जेवताना एकदा ती म्हणाली, "बाबा, एक विचारू? तुम्ही आत प्रार्थना करता की माझी हजेरी घेता?"

"नजर खालीच असते माझी."

"हो का? मग काल माझ्या चहाचे कप किती झाले?"

"तीन," ते म्हणाले, आणि भाकरी मोडायला लागले.

तिसऱ्या आठवड्यातला गुरुवार. मुलं दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या वॉर्डात हलायची होती. बावीस खिडक्या बसल्या होत्या. दोन उरल्या होत्या, आणि जाड काचेचा शेवटचा तक्ता उरला होता. त्यातून दोन तावदानं निघणार, काठोकाठ. व्यापाऱ्याकडचा माल संपला होता. पुढची गाडी आठ दिवसांनी.

काचकाका पाय जुळवून उभे होते. त्या दिवशी चांगलं चाललं होतं. खरंच चांगलं. सात आशीर्वचनं झाली आणि मन एकदाही सुटलं नाही. आपलं मन सुटलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्याच क्षणी ते सुटलं. त्यांनी वर बघितलं.

लेक तक्त्यावर वाकली होती. तिनं माप घेतलं, पट्टी ठेवली. पट्टी चुकीच्या जागी होती. या वेळी डोळ्यांचा दोष नव्हता. वॉर्डची मापं काचकाकांनीच घेतली होती, तीन महिन्यांपूर्वी, त्यांच्या वहीत होती. या दोन तावदानांची उंची एक फूट नऊ इंच. ती दीड फुटावर रेघ ओढत होती. शेवटचा तक्ता!

तिनं हिरकणी टेकवली. ओढायला सुरुवात केली.

काचकाकांनी बोटाच्या पेरानं काचेवर जोरात ठोठावलं. तीन वेळा.

लेक दचकली. हात उडाला. रेघ तिरकी गेली, आणि तिच्या तळव्याच्या भारानं तक्ता कुठूनही कसाही, आडवातिडवा तडकला.

आवाज कट् असा नव्हता.

ते दार उघडून बाहेर आले तेव्हा ती हात मागे घेऊन उभी होती. लागलं नव्हतं. ती काचेकडे बघत होती.

"माप," काचकाका म्हणाले. "एक नऊ. तू दीडवर..."

"चौकटी बदलल्यात." तिचा आवाज अगदी हळू होता. "इस्पितळानं या उरलेल्या दोन खिडक्यांना हवेसाठी वर झडपा बसवल्या. गेल्या सोमवारी मी जाऊन त्यांची मापं पुन्हा घेतली. दीड फूट. माझ्या वहीत आहे. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही एकांतात होतात."

त्यांनी टेबलावरची तिची वही उघडून बघितली. दीड फूटच होतं.

"बावीस खिडक्या, बाबा. एक काच वाया गेली नव्हती. तुम्ही होतात तेव्हासुद्धा दहाला एक जायची." आता आवाज चढला. "रेघ चालू असताना बोलायचंसुद्धा नाही, हे मला कोणी शिकवलं? आत बसायचं तर आत बसा! बाहेर यायचं तर बाहेर या, मला दोन हात मिळतील! पण हे असं आत बसून बाहेर ठोठावायचं, हे काय आहे?"

रस्त्यावरचा एक माणूस थांबून बघायला लागला. ती त्याच्याकडे वळली. "काही बसवायचंय का? नाही? मग पुढे चला."

काचकाका फुटलेल्या तक्त्याशी गेले. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांचे डोळे आधी काम करू लागले. "एक तावदान यातून निघेल," ते म्हणाले. "हा कोपरा शाबूत आहे."

"निघेल. दुसरं नाही निघणार."

"किती हवं?"

"दोन फूट बाय दीड. आणि आता कुठून आणणार? एका मुलाच्या डोक्यावर पुठ्ठा लावून देऊ? आठ दिवस?"

ते उत्तर न देता मागे वळले. ती समजली की पुन्हा दार लावून घेणार. तिनं रागानं पाठ फिरवली आणि शाबूत कोपऱ्यातलं तावदान मोजायला घेतलं. थोड्या वेळानं खरवडल्याचा आवाज आला. तिनं मान वर केली.

काचकाका पातळ पात्याची सुरी घेऊन आपल्या खिडकीची लांबी काढत होते. लांबी अजून पुरती सुकली नव्हती, मऊ होती. दोरीसारखी सुटून येत होती. कडेचे बारीक खिळे त्यांनी एकेक उपटून दातांत धरले. मग दोन्ही तळवे लावून तावदान अलगद बाहेर घेतलं आणि तिच्यासमोर टेबलावर आणून ठेवलं.

"अडीच बाय दोन," ते म्हणाले. "तूच कापलेली आहे. त्याच मालातली."

ती बघत राहिली. "मग तुमची खिडकी?"

"खिडकी आहे तिथंच आहे. काच गेली." त्यांनी हिरकणी उचलली. क्षणभर हातात धरली. मग मूठ तिच्याकडे करून पुढे केली. "मी कुठं उभा राहू?"

"पलीकडे. टोक धरा." तिनं पट्टी ठेवली. "आणि श्वाससुद्धा माझ्या सांगण्यावरून."

तिनं रेघ ओढली. पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत एका दमात. काचकाका ती जवळून बघत होते. तिची कोपराची ठेवण त्यांच्यासारखी नव्हती. त्यांनी कधी शिकवली नव्हती ती. त्यांच्यापेक्षा बरी होती. तिनं अंगठे ठेवले.

कट्.

"घ्या श्वास," ती म्हणाली.

दोन्ही तावदानं तासभरात कडा घासून, कागदात गुंडाळून तयार झाली. लेक गाडी दाराशी आणायला गेली. काचकाकांनी हात धुतले आणि खोलीत गेले. मध्ये इतका वेळ तुटलेली प्रार्थना पुढे चालू करता येत नाही. पहिल्यापासून धरावी लागते. तो नियम त्यांना ठाऊक होता, आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही.

तीन पावलं मागे, तीन पुढे.

आता भिंतीत नुसतं चौकोनी भोक होतं. त्यातून सगळं आत येत होतं. गाडीचं इंजिन, कोणाची तरी सायकलची घंटा, लांबीचा तेलकट वास, समोरच्या घरातल्या नळाची धार. लेक फोनवर वॉर्डच्या नर्सशी बोलत होती. "हो, दोन्ही. सकाळी सातला येतो. खाटा लावल्या का? खिडकीखालची कोणाची? सहा वर्षांची? बरं, तिला सांगा बाहेर झाड दिसतं तिथून."

काचकाकांची नजर खाली होती. आठवं आशीर्वचन आलं. ते आजाऱ्यांसाठी असतं. आम्हांला बरं कर, म्हणजे आम्ही बरे होऊ. दिवसातून तीनदा, लहानपणापासून, ते हे म्हणत आले होते. आता त्यांना खाट दिसली. तिच्यावरची खिडकी दिसली. दीड फूट, झडपेखाली. सहा वर्षांची मुलगी दिसली नाही, कारण तिला त्यांनी पाहिलं नव्हतं. पण ती होती, आणि उद्या सकाळी ते तिच्या खाटेशेजारी शिडी लावणार होते. त्यांनी तिच्यासाठी मागितलं. शब्द तेच होते. एकही शब्द सुटला नाही.

बायकोनं विचारलं असतं तर आज त्यांनी नीट सांगितलं असतं, काय मागितलं ते.

नवव्याला मन गाडीकडे गेलं. दोरी बांधली असेल ना? त्यांनी ते परत आणलं. पुन्हा गेलं. पुन्हा आणलं. एकोणीस आशीर्वचनांत एक नीट झालं. त्यांना वाटलं होतं की अख्खी प्रार्थना हवी. पण हे एक इतकं भक्कम होतं की त्याला टेकून बाकीच्या अठरांकडे निवांत बघता येईल, एकेक करून.

ते बाहेर आले. गाडीतल्या काचांना दोरी पक्की बांधलेली होती.

"उद्या सातला मी येतोय," ते म्हणाले.

लेकीनं भुवई उंचावली. "आणि एकांत? अजून तीन आठवडे उरलेत."

"दुपारी. तीन ते साडेचार. रोज. सहा आठवडे नाही, कायमचं. त्या वेळात मला हाक मारायची नाही. आग लागली तरच."

"मारली होती का आजवर?"

"नाही," काचकाकांनी कबूल केलं. "तेच जड गेलं."

ती त्या दिवसात पहिल्यांदा हसली. "मग ऐका. माझीही अट आहे. त्या दीड तासात तुम्ही काच वाजवायची नाही."

"काच आहे कुठं?"

"मालाची गाडी आली की बसवून देईन." ती थांबली. "दुधी हवी का?"

काचकाकांनी मागे वळून त्या भोकाकडे बघितलं. त्यातून खुर्ची दिसत होती, दिवा दिसत होता, फळीवरची पुस्तकं दिसत होती. इकडून बघितलं की ती खोली कारखान्याचाच एक कोपरा वाटत होती.

"स्वच्छच," ते म्हणाले. "आणि बिजागरी लावून दे. उघडता आली पाहिजे."

"कोणत्या बाजूनं?"

हा प्रश्न चाळीस वर्षं ते गिऱ्हाइकांना विचारत आले होते. त्यांना स्वतःला कोणी विचारला नव्हता. त्यांनी जरा विचार केला.

"दोन्ही," ते म्हणाले.

"अशी बिजागरी नसते, बाबा."

"तू करशील काहीतरी," काचकाका म्हणाले, आणि झाडू घेऊन टेबलाखालची कच गोळा करायला वाकले.